सोबतीला कोण आहे?

दवाखान्यात जाताना न्यायच्या फनेसीच्या तीन वह्या भरून चौथी अर्ध्यावर आली होती. पाच बाळंतपणं, पोरांचे ताप, लशी, आणि एकदा उकळत्या तेलाने हात भाजला तेव्हाची मलमपट्टी. तिच्या नवऱ्याची, लेटनची, वही मात्र कोरी करकरीत. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि पहिल्या पानावर नाव तेवढं. तेही वही विकणाऱ्या दुकानदाराने घातलेलं.

“याला काही होत नाही असं नाही,” फनेसी म्हणायची, “हा सगळं अंगावर काढतो.”

सरोवराकाठच्या नमलोंबे गावाच्या किनाऱ्यावर तिचे मासळी वाळवायचे चार माच होते, वेताचे, कमरेइतक्या उंचीचे. काळोख्या रात्री होड्या दिवे लावून सरोवरात जायच्या आणि उजाडता उजाडता बोटाएवढ्या उसिपा मासळीने भरून परत यायच्या. फनेसी मासळी घ्यायची, पसरायची, उलटायची, कावळे हाकलायची, आणि लिलोंग्वे शहराहून येणाऱ्या व्यापारी बायांशी भावावरून असं भांडायची की पलीकडच्या माचावरच्या बायका काम थांबवून ऐकत. तिचा आवाज वाऱ्याच्या उलट दिशेनेही ऐकू जातो, असं लोक म्हणत. लेटन तिच्या उलट. बोलणं कमी, काम दांडगं. तो डोंगराकडचा. इथल्या सगळ्या नवऱ्यांसारखा लग्न करून बायकोच्या गावात आला, तिच्या आईचं शेत खणू लागला आणि होडीवर जाळं ओढू लागला. बावीस वर्षं झाली, तरी पाणी प्यायला बसला की तो अजून पाहुण्यासारखा कडेला बसायचा.

मार्चमधल्या एका सकाळी होडी वाळूवर ओढून घेताना लेटनने मधेच दोर सोडला आणि तो खाली बसला.

“काल कुणाकडे प्यायलास रे?” कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

फनेसी हसली नाही. तिने हातातली टोपली तशीच टाकली. लेटन आता उताणा पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात जांघेत दाबून. कपाळावर घामाचे थेंब होते आणि ऊन तर अजून चढलंही नव्हतं. तिने खांद्यावरचं कापड काढून त्याच्या अंगावर टाकलं आणि जमलेल्या पुरुषांकडे वळून म्हणाली, “तमाशा आहे का इथे? दोर तुमची वाट बघतोय.”

अर्ध्या तासाने जांघेतली सूज सावकाश आत गेली. लेटनने मोठा श्वास सोडला. “पोटात वारा धरला होता,” तो म्हणाला.

“वारा आंब्याएवढा असतो होय?”

 दोन पावसाळे ती ते बघत होती. आधी लिंबाएवढं होतं. वैदूने कमरेला मंतरलेला दोरा बांधून दिला होता. तो दोरा दोनदा तुटला आणि सूज वाढतच गेली.

घरी आल्यावर तिने विषय काढला. “तामांडाचे बाबा, जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊ. तिथे पैसे लागत नाहीत. शेजारच्या मोझेसच्या चुलत्याचं तिथेच कापलं होतं.”

“आणि मग?” लेटन भिंतीला टेकून बसला होता. “डॉक्टर म्हणणार, सहा आठवडे जड उचलायचं नाही. सहा आठवडे होडीवर माझी जागा कोण राखून ठेवणार? उद्या गेलो नाही तर परवा तिथे दुसरा उभा असतो.”

“जागा जाईल. जीव तरी राहील.”

“जीव राहील, पण कुठे राहील? तुमच्या ग्रेशमचं काय झालं?”

 ग्रेशम म्हणजे फनेसीच्या मावसबहिणीचा नवरा. त्याला खोकला लागला, तो कुदळ धरू शकेना. तीन महिने वाट बघून घरच्यांनी चटई आणि कुदळ त्याच्या हातात दिली आणि त्याला त्याच्या आईकडे पाठवून दिलं. “तुमचं माणूस तुम्ही बघा,” असा निरोप सोबत होता. हा निर्णय घेतला होता वायसन मामाने. वायसन म्हणजे फनेसीच्या आईचा थोरला भाऊ, सगळ्या बहिणी-भाच्यांचा कारभारी. कोणी लग्न करायचं, कोणी शेत किती करायचं, आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं की वैदूकडे, हे तोच ठरवायचा.

“झोपलेला घरजावई कुणाला हवा असतो?” लेटन म्हणाला. “आणि समज, मामांनी काही म्हटलं नाही. दवाखान्यात दारातच विचारतात, सोबतीला कोण आहे? स्वयंपाक कोण करणार, कपडे कोण धुणार, रात्री पाणी कोण देणार? सोबत नाही तर खाट नाही. तू येऊन बसलीस, तर आठ दिवस मासळी कोण उलटणार? कावळे?”

फनेसीला राग आला. तो हट्टीपणाने बोलत असता तर तिने त्याला बोलून गार केलं असतं. पण तो बरोबर बोलत होता, हीच पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी माचावर तिने नाबांडाला सगळं सांगितलं. नाबांडा तिची लहानपणची मैत्रीण. ती शेजारीच कढई मांडून मंडासी तळायची, आणि गोड तळलेल्या पिठाबरोबर गावभरच्या बातम्या गिऱ्हाइकांना फुकट द्यायची.

“दुखतंय म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही गं,” नाबांडा झाऱ्याने मंडासी उलटत म्हणाली. “माझा भाऊ खोकून खोकून अर्धा झाला. गेला? छे! शाळेत रखवालदाराची नोकरी लागली, त्यांनी तब्येतीचा कागद मागितला, तेव्हा पळत गेला. छातीत पाणी निघालं, औषध घेतलं, आता बघ कसा गेंड्यासारखा झालाय. आणि मी दात काढायला कधी गेले? मुलीच्या लग्नात हसायचं होतं तेव्हा.”

“तू हसलीस तेव्हा नवरदेव घाबरला होता.”

“घाबरला, पण लग्न नाही मोडलं!” नाबांडाने झारा आपटला. “सांगते काय, तुझ्या नवऱ्याला दुखण्याहून मोठं काहीतरी कारण दे. मग जाईल.”

तेवढ्यात एलुबे मामी, वायसन मामाची बायको, मासळी घ्यायला आली. नेहमीसारखी थकलेली आणि नेहमीसारखी तक्रार करत. या महिन्यात उसिपा महाग, तेल महाग, कापड तर विचारूच नका.

“कापड कशाला हवंय मामी?” नाबांडाने विचारलं.

“तुमच्या मामांच्या विजारी! चौथ्यांदा पट्टी जोडतेय मी.”

“मामा लठ्ठ झाले?”

“हो ना,” मामी म्हणाली. मग जरा थांबली. “म्हणजे… एकाच बाजूने.”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, मासळी घाईघाईने कापडात घेतली आणि निघून गेली.

नाबांडा आणि फनेसी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग फनेसीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. मामा भर उन्हात गुडघ्यापर्यंतचा कोट घालतो. मामाने सायकल भाच्याला देऊन टाकली, तेव्हा सगळे म्हणाले, किती उदार! मयतीला सगळे खाली बसतात आणि मामा काठी टेकून उभा राहतो. लोकांना वाटतं, कारभाऱ्याचा रुबाब आहे.

“अगं बाई,” फनेसी म्हणाली.

“एकाच घरात दोन!” नाबांडाला हसू आवरेना. कढईतली मंडासी करपली तरी ती हसतच होती. फनेसी मात्र विचार करू लागली होती.

त्या शुक्रवारी ती मासळीचं पोतं घेऊन जिल्ह्याच्या गावी गेली. बाजार उरकला आणि घरी यायच्या ऐवजी दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसली. तिची पाळी आली तेव्हा दुपार टळून गेली होती. चिसाले नावाचा चष्मेवाला, किडकिडीत माणूस आत बसला होता. पदवीने तो डॉक्टर नव्हता, पण चिरफाड तोच करायचा आणि सगळे त्याला डॉक्टरच म्हणत.

“काय होतंय?” त्याने विचारलं.

“मला काही नाही. ज्याला होतंय तो घरी आहे.”

“मग तुम्ही का आलात?”

“विचारायला.”

त्याने पेन खाली ठेवलं. “नऊ वर्षांत नुसतं विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्याच, आई. लोक इथे येतात ते चादरीत गुंडाळून. विचारा.”

फनेसीने विचारलं, आणि काही हातचं राखलं नाही. सूज आत जाते तोवर काय, अडकली तर काय? तासाभराचं काम आहे, तो म्हणाला, आत जाते आहे तोवर या. एकदा अडकली की मग वेळ मिनिटांत मोजावा लागतो, आणि तुमचा रस्ता लांबचा आहे. आणि दुसऱ्याची, तिच्या मामाची, एकाच बाजूची सूज? ते आतडं नाही, पाणी भरलंय बहुतेक. ते त्याहून सोपं. कापल्यावर माणूस बायकोच्या कामाचा राहत नाही म्हणतात, ते खरं का? चिसालेने चष्मा पुसला. “मी ज्यांचं केलंय त्यांच्यातल्या कितीतरी घरी नंतर पाळणा हलला. बायका पोरं घेऊन मला दाखवायला येतात.”

“आणि सोबतीचं माणूस बाईच लागतं का?”

“बाईच येते. पण नियमात तसं नाही. स्वयंपाक करता येणारं आणि रडत न बसणारं कुणीही चालेल.” मग त्यानेच एक प्रश्न विचारला. “तुम्ही किनाऱ्याच्या ना? मला एक सांगा. तुमच्याकडचे पुरुष महिनाभर फिरकत नाहीत आणि मग एका आठवड्यात झुंबड उडते. इतकी वर्षं मला हे कोडं सुटलेलं नाही.”

फनेसीला हसू आलं. एवढा शिकलेला माणूस! “चांदणं, डॉक्टर. भर चांदण्यात दिव्याला मासा येत नाही. होड्या वाळूवर असतात. तेव्हाच पुरुषांना आपल्याला पाठ आहे, पोट आहे हे आठवतं.”

चिसाले तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “पुढची पौर्णिमा कधी?”

तिने बोट ठेवलं. त्या आठवड्यातला मंगळवार त्याने एका नावासाठी लिहून ठेवला आणि गुरुवार दुसऱ्या नावासाठी.

आता खरं अवघड काम पुढे होतं. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर फनेसी मामाच्या अंगणात गेली. मामा आंब्याखाली उभा होता, कोट घालून. ती रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसली, टाळी वाजवून अभिवादन केलं आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “मामा, लेटनचं आतडं खाली उतरतंय. मंगळवारी होडी ओढताना मरता मरता वाचला.”

“ऐकलं मी.” मामाने काठीने जमिनीवर रेघ ओढली. “वैदूकडे पाठवतो.”

“वैदूचा दोरा दोनदा तुटलाय. मी दवाखान्यात विचारून आले.”

“मला न विचारता?”

“तुम्हाला विचारायचं तर नीट माहिती घेऊन यावं म्हटलं. अर्धवट गोष्ट घेऊन तुमच्यापुढे कशी येऊ?”

हे मामाला आवडलं. त्याने मान हलवली. फनेसीने धीर धरून पुढचं पाऊल टाकलं. “पण अडचण आहे. मी माच सोडू शकत नाही. हे मोसमाचे दिवस गेले तर पोरांची फी गेली. सोबतीला कुणीतरी जायला हवं. आणि जावई आपल्या घरातला. त्याच्यासोबत भलतंच कुणी गेलं तर डोंगराकडचे लोक म्हणतील, यांच्याकडे वजनदार माणूसच नाही. मोफातीला विचारावं का?”

मोफाती मामाचा मावसभाऊ. मामाच्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“मोफाती?” मामाचा आवाज चढला. “मोफाती कोण लागतो? या घरचा कारभारी कोण?”

“तुम्हीच. पण तुमचं वय, प्रवास, उन्हात उभं राहणं… मला तुम्हाला म्हणवेना.”

 अंगणात कोंबडी पिलं घेऊन फिरत होती. एलुबे मामी दारात येऊन आत गेली, पुन्हा आली. शेवटी मामाने आवाज खाली आणला, इतका खाली की फनेसीने आयुष्यात त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

“तो डॉक्टर… माणूस कसा आहे?”

“गप्पिष्ट नाही. पडदा लावून तपासतो.”

“हं.” पुन्हा रेघ. “समज, सोबत आलेल्या माणसालाच तिथे असताना बारीकसारीक काही दाखवायचं असलं, तर एका फेरीत दोन कामं होतात का?”

“होतात, मामा. मंगळवारी एकाचं झालं की गुरुवार मोकळा असतो.” तिने मान वर केली नाही. त्याचा चेहरा बघायचा नाही, एवढं भान तिला होतं. “आणि गुरुवारी ज्याचं होईल त्याच्या सोबतीला मंगळवारवाला असतोच.”

“तू माझ्या बहिणीची मुलगी शोभतेस,” मामा म्हणाला. त्यात कौतुक किती आणि राग किती, हे तिला कळलं नाही. पण ‘नाही’ तो म्हणाला नव्हता.

लेटनला तिने एवढंच सांगितलं, “मामांना दवाखान्यात न्यायचंय. कुणाला कळता कामा नये. मला माच सोडवत नाही. तुम्ही जा.”

लेटन ताडकन उठून बसला. “मामांना? काय झालंय?”

“त्यांनाच विचारा. आणि तिथे गेल्यावर तुमचंही तपासून घ्या. मामांनीच तसं म्हटलंय.”

कारभाऱ्याच्या सोबतीला जायचं म्हटल्यावर घरजावयाला ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. पौर्णिमेच्या आठवड्यातल्या सोमवारी पहाटे दोघं पिठाची पिशवी, एक पातेलं, दोन चटया आणि सुक्या मासळीचं पुडकं घेऊन मिनीबसमध्ये चढले. वाटेत कोण काय बोललं ते त्या दोघांनी कुणाला सांगितलं नाही. पण कंडक्टर नाबांडाचा नातलग होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पहिला तासभर दोघं खिडकीबाहेर बघत होते. एका मोठ्या खड्ड्यात बस आदळली तेव्हा दोघांनीही एकदम मांडीवर हात दाबला, दोघांनीही “आई गं!” म्हटलं, आणि मग एकमेकांकडे बघून जे हसू लागले ते गाव येईपर्यंत थांबलेच नाहीत.

पुढचा आठवडा फनेसीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. पौर्णिमेच्या आधीची मासळी माचावर होती, आभाळ सारखं भरून येत होतं. दर तासाला ती मासळी झाकायची, उघडायची. मंगळवारी दुपारी तिच्या हातून एक अख्खी टोपली वाळूत पालथी झाली. “आत्ता कापत असतील,” ती नाबांडाला म्हणाली. नाबांडाने एका शब्दानेही चेष्टा केली नाही, आणि ते फनेसीला जास्त भीतीदायक वाटलं. बुधवारी कंडक्टरकरवी निरोप आला: लेटन शुद्धीवर आहे, बोलतोय, भूक लागली म्हणतोय. फनेसीने माचाच्या आडोशाला जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा मासळी उलटायला लागली.

शनिवारी होड्या बंदच होत्या. माच नाबांडाच्या हवाली करून ती दवाखान्यात पोचली. सोबतीच्या लोकांसाठी मागे एक उघडी शेड होती. धूर, चुली, वाळत घातलेली कापडं, आणि शंभरेक बायका. त्या बायकांच्या मधोमध तिचा नवरा एका विटेवर बसून पातेल्यात न्सिमा ढवळत होता. मक्याचं पीठ घट्ट होत आलं की तो थांबायचा आणि शेजारची बाई त्याच्या हातातली पळी घेऊन चार जोरकस फेरे मारायची. कारण त्याला जोर करायची मनाई होती.

“आलीस?” तो म्हणाला आणि लाजला.

“ही तुझी बायको का?” ती बाई ओरडली. “बाई गं, तुझा हा शिकतोय तरी. तो म्हातारा, मंगळवारी त्याने पहिल्यांदा पळी धरली! पीठ आधी टाकलं, पाणी नंतर. गोळे असे की बेडूक वाटावेत.”

“आणि तुम्ही हसलात?”

“आम्ही? आम्ही बुधवारपर्यंत हसत होतो. मग शिकवलं.”

पुरुषांच्या वॉर्डात वायसन मामा पाठीशी चटईची गुंडाळी घेऊन आडवा पडला होता. कोट नव्हता. फनेसीने त्याला कोटाशिवाय वर्षभरात पाहिलं नव्हतं; तो लहान आणि हलका दिसत होता. गुरुवारी त्याचंही झालं होतं. तिला बघताच त्याने विचारलं, “मासळी कोण बघतंय?”

“नाबांडा.”

“म्हणजे निम्मी तिने तळून विकली असणार.” मग पलीकडच्या खाटेकडे मान केली. तिथला माणूस उठून बसायला धडपडत होता. “याच्याकडे कोणी आलेलं नाही. डोंगराकडचाच आहे. सासरचे सोडून गेले. लेटन त्याच्यासाठीही रांधतोय, मी सांगितलंय.” आणि फनेसी काही बोलायच्या आत त्याने दुसरीकडे बघत म्हटलं, “ग्रेशमच्या वेळी मी एकदाही दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं.”

फनेसीने त्याच्या पायाशी पांघरूण नीट केलं. सांत्वनाचं काही बोलावंसं तिला वाटलं नाही. ती बहिणीचं रडणं विसरली नव्हती.

दोघं परत आल्यावर पंधरवड्याने मामाने घरच्या सगळ्यांना आंब्याखाली बोलावलं. या वेळी तो खुर्चीवर बसला होता. त्याने काही लपवलं नाही. जावयाचं काय झालं, आपलं काय झालं, दोन्ही सांगितलं. मागे बसलेल्या पोरी खुसुखुसू हसल्या. त्याने हसू दिलं. मग म्हणाला, “यापुढे या घरात जावई आजारी पडला तर आधी दवाखाना. चटई-कुदळ हातात देऊन पाठवायची गोष्ट माझ्या हयातीत पुन्हा होणार नाही.”

“मग माझ्या नवऱ्याला का पाठवलंत?” फनेसीची मावसबहीण उभी राहिली होती. “तो तिकडे बरा झाला, मामा. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरा झाला. आणि तिकडेच दुसरी बायको केली.”

 मोफाती पुढे झुकून बसला होता.

“चुकलं माझं,” वायसन मामा म्हणाला.

कारभाऱ्याच्या तोंडून हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. मावसबहीण खाली बसली. ते तिला पुरलं नाही, पुरणारही नव्हतं. पण मोफातीला त्या दिवशी जे बोलायचं होतं ते त्याला बोलता आलं नाही.

होडीवरची जागा मात्र गेली. लेटनने म्हटलं होतं तसंच झालं. तिसऱ्याच दिवशी मालकाने एक तरणा गडी घेतला. सहा आठवडे लेटन माचावर बसून मासळी उलटत राहिला आणि फाटकी जाळी शिवत राहिला. येणारे-जाणारे सोडतात होय?

“काय लेटन, बायकांच्यात भरती झालास?”

“झालो,” लेटन म्हणायचा. पूर्वी तो गप्प बसला असता. “इथे पगार नाही, पण जेवण वेळेवर मिळतं.”

आणि फनेसी पलीकडून ओरडायची, “त्याचं सगळं जागेवर आहे बरं का! तुझ्या बायकोला विचार, तुझं आहे का?”

त्याने शिवलेली जाळी इतकी नीट होती की दोन होड्यांचे मालक आपली जाळी त्याच्याकडे आणू लागले. दर चांदण्याच्या आठवड्यात त्याच्याभोवती जाळ्यांचा ढीग पडायचा. जाळं ओढण्याइतकं त्यात मिळत नव्हतं, पण रोज मिळत होतं.

मग एका संध्याकाळी मोझेसचा चुलता आला. दाढीचे केस ओढत इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी फनेसीला म्हणाला, “माझ्या मेव्हण्याच्या डोळ्यावर पडदा आलाय. पण सोबतीला कुणी नाही.”

“तुमच्या गुडघ्याचं काय म्हणत होतात?”

“गुडघा? गुडघा काय, आहे तसाच.”

“मग मेव्हण्याच्या सोबतीला तुम्ही जा. गुडघा सोबतच घेऊन जा.”

असं सुरू झालं. फनेसीने कुठली सभा घेतली नाही की कागद केला नाही. माणसं मासळी घ्यायच्या निमित्ताने माचापाशी थांबायची आणि ती दोघांची जोडी लावून द्यायची. कुणाला वेळ नव्हता, कुणाला लाज होती, कुणाला माणूस नव्हतं. एकाची अडचण दुसऱ्याचं कारण व्हायची. चिसाले डॉक्टरने पौर्णिमेच्या आठवड्यात पुरुषांसाठी दोन दिवस वाढवले, आणि फनेसी बाजाराला गेली की तिच्याकडून पुढच्या महिन्याचा अंदाज घेऊ लागला. सगळेच गेले असं नाही. दोघंतिघं शेवटपर्यंत दोऱ्यावरच राहिले, आणि त्यातला एक दवाखान्याच्या वाटेतच गेला. त्याच्या मयतीला फनेसी खूप रडली. मी अजून जोरात बोलायला हवं होतं, असं ती नाबांडाला म्हणाली. याहून जोरात बोललीस तर सरोवरापलीकडे मोझांबिकमध्ये ऐकू जाईल, नाबांडा म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसल्या.

मक्याची काढणी आली तेव्हा लेटनला तीन महिने होऊन गेले होते. डॉक्टरने जड उचलायला परवानगी दिली होती. फनेसीच्या आईच्या शेतात तो पहिल्या दिवशी अर्धंच पोतं उचलून बघत होता. सासूने बांधावरून हाक मारली, “राहू दे रे, उद्या उचल.”

“आज अर्धं, आई. उद्या आख्खं,” लेटन म्हणाला. त्याने पोतं खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे होऊन, मधल्या वाटेने, घराकडे चालू लागला.